गाडी दहा-बारा वर्षे टिकवायची असेल तर : कंपनी कशी पारखावी आणि देखभाल कशी ठेवावी

गाडी घेण्यापूर्वी आपण ओळखीच्या लोकांना "कशी आहे हो तुमची गाडी?" असे विचारतो, आणि ज्याने दोन वर्षांपूर्वी गाडी घेतलेली असते तो मनापासून सांगतो की आजवर एक रुपयाचाही जादा खर्च आलेला नाही. त्याचे म्हणणे खरे असते, पण त्यातून हाती फारसे काही लागत नाही. आजच्या बाजारातली जवळपास कोणतीही गाडी पहिली तीन वर्षे नीट चालते आणि जे बिघडते ते वॉरंटीत बदलून मिळते. गाडीचा स्वभाव कळतो तो सातव्या-आठव्या वर्षानंतर. तेव्हा रबर कडक झालेले असते, प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते, वॉरंटी संपलेली असते आणि प्रत्येक बिल स्वतःच्या खिशातून भरायचे असते. म्हणून ज्यांना गाडी दीर्घकाळ वापरायची आहे त्यांनी नव्या गाडीच्या मालकापेक्षा आठ वर्षे जुन्या गाडीच्या मालकाला शोधावे, आणि त्याला पुढे दिलेल्या गोष्टी विचाराव्यात.

कंपनीच्या आधी इंजिनाचे नाव विचारा

"अमुक कंपनीच्या गाड्या टिकतात" हे वाक्य आपण सर्रास बोलतो, परंतु टिकाऊपणा हा बोधचिन्हाचा गुण नसून विशिष्ट इंजिन आणि विशिष्ट गिअरबॉक्स यांच्या जोडीचा गुण असतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन. पुण्याजवळच्या रांजणगावात ते तयार होत असे, मारुतीही ते परवान्यावर बनवत असे, आणि एकाच काळात ते स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो आणि लिनिया अशा तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसत होते. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटले, टाटांनी क्वाड्राजेट म्हटले, पण बॉनेटखाली धातू तोच होता. एप्रिल २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस ६ नियम लागू झाले आणि हे इंजिन थांबले, तरी ते बसवलेल्या असंख्य गाड्या आजही रस्त्यावर आहेत. या पाच गाड्यांच्या मालकांचे अनुभव मात्र एकसारखे नाहीत, कारण इंजिन एक असले तरी वायरिंग, सस्पेन्शन, एसी आणि मुख्य म्हणजे जवळचे वर्कशॉप वेगळे होते. डस्टर आणि टेरानो, रॅपिड आणि व्हेंटो, बलेनो आणि ग्लान्झा या जोड्यांकडेही याच नजरेने पाहावे. नावे दोन आणि गाडी मूलतः एक असल्यामुळे एकीच्या मालकाचा अनुभव दुसरीच्या ग्राहकाला बराचसा लागू पडतो.

इंजिनाविषयी पहिला प्रश्न हा असावा की त्यात टायमिंग चेन आहे की टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारी साखळी आहे की पट्टा. चेन सहसा इंजिनाच्या आयुष्याइतकी चालते, अर्थात ऑइल वेळेवर बदलले तरच. बेल्ट हा रबराचा असतो आणि त्याला ठरलेले आयुष्य असते. जुन्या इनोव्हाच्या २.५ लिटर डिझेल इंजिनाला बेल्ट होता, तर पुढे आलेल्या क्रिस्टाच्या २.४ लिटर इंजिनाला चेन आहे. म्हणजे एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या गाडीत देखभालीचा नियम बदलला. फोर्डचे १.५ लिटर डिझेल आणि डस्टरचे १.५ लिटर डिझेल ही दोन्ही इंजिने बेल्टची आहेत. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात आणि इंजिनाचे अख्खे हेड (सिलिंडरवरचा भाग) उघडावे लागते, ज्याच्या खर्चात बेल्टची किटे कितीतरी वेळा बसवून झाली असती. पुस्तिकेत बेल्टसाठी किलोमीटरबरोबर वर्षांचीही मर्यादा दिलेली असेल तर जी आधी येईल ती पाळावी, कारण उभ्या गाडीतही रबर म्हातारे होतेच. बेल्ट बदलताना त्याचे रोलर (टेन्शनर, आयडलर) आणि शक्यतो वॉटर पंपही त्याच वेळी बदलून घ्यावा. मजुरी एकदाच पडते.

दुसरा प्रश्न गिअरबॉक्सचा. हाताने गिअर टाकायच्या गाडीत क्लचचे आयुष्य गाडीपेक्षा चालकाच्या डाव्या पायावर अधिक अवलंबून असते. एएमटी (यंत्राने आपोआप गिअर टाकणाऱ्या) गाडीतही आत साधी क्लच प्लेटच असते, त्यामुळे चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी थोपवून धरण्याची सवय तिला लवकर संपवते. तेथे हँडब्रेकच वापरावा. फोक्सवॅगन समूहाच्या कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या डीएसजी या स्वयंचलित गिअरबॉक्सबद्दल जगभर तक्रारी आल्या आणि अनेक देशांत कंपनीने गाड्या परत बोलावून दुरुस्त्या केल्या, हे सर्वश्रुत आहे. तशी जुनी गाडी घ्यायचीच असेल तर मेकॅट्रॉनिक युनिट (गिअरबॉक्सचे नियंत्रण करणारा भाग) आणि क्लच पॅक बदलल्याचे बिल पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये, आणि वापरताना वाहतूक कोंडीत वीत-वीत पुढे सरकण्याऐवजी समोर थोडी जागा होऊ देऊन मगच गाडी हलवावी. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर या इतर स्वयंचलित गिअरबॉक्सबाबत "यातले ऑइल आयुष्यभर चालते" असे कोणी सांगितले तर ते ऐकू नका. पुस्तिकेत खडतर वापराचे वेगळे वेळापत्रक असते, आणि आपल्याकडचा शहरातला उन्हाळा व गर्दी मिळून खडतर वापरच होतो.

गाडीपेक्षा गॅरेज किती लांब आहे

एखादी गाडी कितीही उत्तम असली तरी तिचा पार्ट तीन आठवड्यांनी येत असेल तर मालकाच्या दृष्टीने ती भरवशाची नाही. मारुतीचे बळ याच ठिकाणी आहे. तालुक्याच्या गावातही तिचे ब्रेक पॅड, लिंक रॉड, क्लच प्लेट दुकानात मिळतात, आणि मारुती उघडलेली नाही असा मेकॅनिक शोधूनही सापडत नाही. बोलेरोचेही ग्रामीण भागात तसेच आहे. टोयोटाचा टिकाऊपणा टुरिस्ट व्यवसायातल्या गाड्यांनी सिद्ध केलेला आहे, तथापि तिचे मूळ पार्ट महाग पडतात आणि वर्कशॉप प्रामुख्याने मोठ्या शहरांत असतात. होंडाच्या पेट्रोल इंजिनांबद्दल मला आदर आहे, मात्र जुन्या सिटीसारखी बुटकी गाडी कच्च्या रस्त्याच्या गावी वरचेवर न्यायची असेल तर खालून घासण्याचा विचार आधीच करावा. स्कोडा आणि फोक्सवॅगनचे मालक गाडीवर जीव टाकतात, आणि पुण्या-मुंबईत या गाड्यांचीच कामे करणारी स्वतंत्र गॅरेजेसही आहेत. पण हिंगोलीला किंवा गडचिरोलीला राहणाऱ्या माणसाला त्यांचा उपयोग नाही. कोणत्याही कंपनीच्या अगदी नव्या मॉडेलची पहिली तुकडी घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. एक-दीड वर्ष थांबले की सॉफ्टवेअरच्या आणि जोडणीच्या बऱ्याच खोडी निघून गेलेल्या असतात.

देश सोडून गेलेल्या कंपन्यांचा धडा विसरता कामा नये. शेवरलेच्या गाड्यांची भारतातली विक्री २०१७ अखेर बंद झाली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने येथील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. अशी जुनी गाडी स्वस्तात मिळते आणि चालवायला छानही असते. इंजिनाचे नेहमीचे पार्ट मिळण्याची फारशी चिंता नसते, परंतु हेडलाइट, बंपर, दरवाजाची काच, इंजिनाचे कंट्रोल युनिट अशा वस्तूंसाठी मात्र भटकंती करावी लागते.

यासाठी एक सोपी परीक्षा सांगतो. गाडी पक्की करण्यापूर्वी एका कागदावर पाच नावे लिहा : हेडलाइट असेंब्ली, पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरची जोडी, क्लच सेट, एसी कॉम्प्रेसर आणि इंजिनाचे कंट्रोल युनिट. हा कागद घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमधल्या पार्टच्या काउंटरवर जा. पुण्याचे असाल तर नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतही एक चक्कर मारा. प्रत्येक वस्तूची किंमत आणि ती किती दिवसांत मिळेल हे लिहून घ्या. शोरूममधला सेल्समन जे सांगणार नाही ते हा कागद अर्ध्या तासात सांगतो.

वही

देखभालीची साधने पुष्कळ आहेत, पण दोनशे पानी वहीइतके उपयोगी साधन मला सापडलेले नाही. माझ्या डिझेल हॅचबॅकची गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे. गाडी दहाव्या वर्षात होती आणि सर्व सर्व्हिसिंग अधिकृत वर्कशॉपमध्ये वेळच्या वेळी होत होते. मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट चढत असताना तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकलेला दिसला. मी एसी बंद केला, हीटर पूर्ण सुरू केला, गाडी सुरक्षित कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. बॉनेट उघडले तेव्हा इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची टाकी रिकामी होती आणि गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला पांढरट, वाळलेले डाग होते. दुसऱ्या दिवशी साताऱ्यातल्या मेकॅनिकने थर्मोस्टॅटच्या बाजूचा प्लॅस्टिकचा एक कोपर, म्हणजे कूलंटच्या नळीचा वाकडा सांधा, काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि दोन बोटांत दाबून दाखवला. मारी बिस्किटासारखा त्याचा चुरा झाला. तो पार्ट काहीशे रुपयांचा होता. काटा न पाहता घाट तसाच चढलो असतो तर हेड गास्केट गेले असते.

घरी येऊन मी जुनी बिले काढली. आधीच्या दीड वर्षात लागोपाठ तीन बिलांवर "कूलंट टॉप-अप" अशी ओळ होती. कूलंट हे बंद यंत्रणेत फिरणारे द्रव असते, ते पेट्रोलसारखे खर्च होत नाही. तीनदा भरावे लागले याचा अर्थ ते तीनदा कोठेतरी गळाले होते. वर्कशॉपमध्ये हे कोणी विचारले नाही, आणि मी बिले फाइलमध्ये टाकत राहिल्यामुळे मलाही दिसले नाही. त्या दिवसापासून मी वही ठेवतो, आणि प्रत्येक गाडीमालकाने ती ठेवावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वहीत डाव्या पानावर तारीख, किलोमीटर, केलेले काम, बदललेल्या पार्टचा क्रमांक आणि रक्कम लिहावी. उजव्या पानावर लक्षणे लिहावीत : "सकाळी पहिल्या सेल्फला दोनदा प्रयत्न", "डावीकडे वळताना पुढून टकटक", "ब्रेक लावताना स्टेअरिंग थरथरते". लक्षणे तारखेसह लिहिलेली असली की मेकॅनिकला अंदाज करावा लागत नाही. वर्कशॉपमध्ये गाडी सोडताना हीच वाक्ये जॉब कार्डवर जशीच्या तशी लिहायला लावावीत आणि जुने काढलेले पार्ट परत मागावेत. इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग अशी कामे एस्टिमेटमध्ये आपोआप आलेली असतील तर ती पुस्तिकेच्या वेळापत्रकात आहेत का, हे नम्रपणे विचारावे. नसतील आणि लक्षणही नसेल, तर ती रद्द करण्यास सांगावे.

वर्षाच्या शेवटी एकूण देखभाल खर्चाला एकूण किलोमीटरने भागावे. समजा एक लाख किलोमीटरमध्ये टायर आणि बॅटरीसह अडीच लाख रुपये खर्च झाला, तर किलोमीटरमागे अडीच रुपये पडले. दोन कंपन्यांच्या गाड्यांची तुलना या एकाच आकड्यावर करता येते. "सर्व्हिसिंग सात हजारांत होते" या वाक्यावर ती करता येत नाही, कारण खर्चाचा मोठा भाग सर्व्हिसिंगच्या बिलाबाहेरच असतो.

कोणत्या वयात काय पाहावे

पहिल्या तीन वर्षांत करण्यासारखे फार थोडे असते. ऑइल पुस्तिकेतल्या ग्रेडचेच घालावे. ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल सांगितले असताना "आपल्याकडच्या उन्हाला जाड बरे" म्हणून दुसरे घालू नये. बीएस ६ डिझेल गाडीला तर कमी राख सोडणारे विशिष्ट प्रतीचे ऑइलच लागते, अन्यथा सायलेन्सरच्या मार्गातला डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो. ज्यांचा रोजचा प्रवास तीन-चार किलोमीटरचा आहे त्यांनी आधुनिक डिझेल गाडी घेऊच नये. डीपीएफमधली काजळी जळण्यासाठी गाडी अधूनमधून हायवेवर सलग चालावी लागते.

चौथ्या ते सातव्या वर्षात बॅटरी, टायर, ब्रेक आणि सस्पेन्शनचे बुश यांची पाळी येते. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांपुढचा टायर मी घाटात नेत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. लांब उतारावर ब्रेक मऊ पडण्याचे हा ओलावा हे एक कारण असते. अर्थात आंबोली किंवा कुंभार्ली घाट उतरताना गिअर खालचाच ठेवावा.

आठव्या वर्षापासून मात्र पद्धत बदलावी लागते, आणि बहुतेक मालक येथेच चुकतात. तोपर्यंत आपण किलोमीटर पाहून खर्च करत आलेलो असतो. यापुढे वय पाहावे लागते. कूलंटचे सर्व होज, त्यांचे प्लॅस्टिकचे सांधे, बाहेरचा बेल्ट, इंजिनाची माउंटिंग, चाके फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टची रबरी बुटे (आवरणे) आणि इंधनाच्या नळ्या एकदा रॅम्पवर गाडी चढवून, हाताने दाबून तपासाव्यात. फाटलेले बूट वेळीच बदलले तर काम स्वस्तात होते. तसेच ठेवले तर ग्रीस निघून जाते, माती आत शिरते आणि अख्खा सांधा बदलावा लागतो. एप्रिल २०२३ पूर्वी बनलेल्या गाड्यांच्या मालकांनी इंधनाच्या नळ्या आणि सील यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साजेसे साहित्य वापरण्याचा नियम त्यानंतरच्या गाड्यांसाठी आला. बॉनेटजवळ पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला बोलावून घ्या. याच वयात गाडीचा चेसिस क्रमांक घालून कंपनीच्या संकेतस्थळावर काही रिकॉल (दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाडी परत बोलावणे) बाकी आहे का तेही पाहावे. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगसाठी होंडासह अनेक कंपन्यांनी भारतातही गाड्या परत बोलावल्या होत्या, आणि हे काम विनामूल्य होते.

सीएनजी गाडी असेल तर टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) चुकवू नये, आणि स्पार्क प्लग व एअर फिल्टर पेट्रोल गाडीपेक्षा लवकर पाहावेत.

आपला प्रदेश, आपले पाऊस

कोकणपट्टीत आणि गोव्यात गाडीचा शत्रू गंज आहे. समुद्रकिनाऱ्यावर फिरून आल्यावर गाडी वरून धुतली जाते, पण खारे पाणी आणि वाळू साठते ती दरवाजाखालच्या पट्टीत (सिलमध्ये) आणि चाकांच्या कमानीत; तेथे साध्या पाण्याचा जोरदार फवारा मारावा. पावसाळ्यापूर्वी दरवाजांच्या खालची निचऱ्याची भोके काडीने मोकळी करावीत आणि वायपरखालचा पाचोळा काढावा, नाहीतर पाणी केबिनमध्ये उतरून वायरिंगच्या जोडांवर हिरवा थर चढतो. मराठवाडा-विदर्भात एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये धूळ आणि किडे बसतात. उन्हाळ्याआधी ते हलक्या दाबाच्या पाण्याने धुतले तर एसी सुधारतोच, शिवाय इंजिनही थंड राहते. उंदरांचा त्रास सर्वत्र आहे. उभी गाडी दर दोन दिवसांनी सुरू करून हलवणे आणि गाडीत खाऊ न ठेवणे याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पावसात पाणी साचल्यावर गाडी बंद पडली तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार काढावी, फोटो घ्यावेत आणि गाडी ओढून न्यावी. साध्या विमा पॉलिसीत अशा वेळी इंजिनाचे नुकसान बहुधा नाकारले जाते, म्हणून सखल भागात राहणाऱ्यांनी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी.

पंधराव्या वर्षाच्या आधी

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे आरटीओत तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. त्यामुळे तेराव्या वर्षी मोठा खर्च समोर आला तर आधी खालून गंज तपासावा. इंजिन दुरुस्त होते, सस्पेन्शन नवे बसते, पण मुख्य सांगाडा गंजला असेल तर पैसे घालू नयेत. सांगाडा निरोगी असेल आणि पार्ट मिळत असतील तर इंजिनाचे काम करून घेणे नव्या गाडीच्या हप्त्यांपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिकडच्या गाड्या कमी किमतीत इकडे येतात; घेताना एनओसी, मूळ राज्यातला कर आणि इकडची नव्याने नोंदणी यांचा खर्च किमतीत धरूनच तुलना करावी. आणि विकणाऱ्याकडे बिले किंवा वही नसेल, तर टायमिंग बेल्ट, कूलंट, ब्रेक ऑइल आणि सर्व फिल्टर बदललेलेच नाहीत असे गृहीत धरून तेवढी रक्कम किमतीतून वजा मागावी.